सिंधूचा आवाज

नागपुरात संगीत नाटकाचा विषय निघाला की गाडी आधी ‘कट्यार काळजात घुसली’वर जाते आणि सहसा तिथून पुढे सरकत नाही. त्यात नवलही नाही. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे आपले मास्तर, इथले. त्यांचं ‘रंजन कला मंदिर’ इथलं. खाँसाहेब झालेले डॉ. वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, पण गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गिरवले. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह आज त्यांच्याच नावाने उभं आहे. १९६७ साली ‘कट्यार’ रंगमंचावर आलं तेव्हापासून नागपूरकर त्याच्याकडे घरच्या कार्यासारखं पाहत आले आहेत.

या गप्पांत झरीनाचं नाव मात्र बरंच उशिरा येतं. कधी येतही नाही. दोन गवयांच्या चुरशीच्या या नाटकात फैयाज यांनी झरीना उभी केली. त्या सोलापूरच्या. पुढे २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तरी ‘कट्यार’ म्हटलं की आधी वसंतराव, मग चाली देणारे अभिषेकीबुवा, मग मास्तर, आणि मग ‘अरे हो, फैयाज’. संगीत नाटकातल्या नटीची आपल्या आठवणीतली जागा ही अशी आहे. ती असते सगळीकडे, पण पान वाढताना तिची आठवण चटणी-कोशिंबिरीच्या वेळी होते.

पुढच्या पानांचा विषय अशीच एक नटी आहे: जयमाला शिलेदार. त्या नागपूरच्या नव्हेत. जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९२६ चा. संसार, कंपनी आणि अखेर पुण्यात. मग नागपूरकराने त्यांच्याबद्दल चार शब्द का लिहावेत? प्रस्तावनेत सगळ्या चरित्राचा सारांश सांगून वाचकाची भूक मारण्याची एक वाईट चाल आपल्याकडे आहे. ती टाळून मी एकाच भूमिकेबद्दल बोलणार आहे. ती भूमिका म्हणजे ‘एकच प्याला’तली सिंधू. आणि सिंधूचा विषय काढला की नागपूर बाजूला ठेवता येत नाही.

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर येतं. ‘एकच प्याला’ लिहिणारे राम गणेश गडकरी शेवटच्या आजारात तिथे होते. ‘भावबंधन’चा शेवट त्यांनी तिथेच पुरा केला आणि २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले. वय होतं ३३. ‘एकच प्याला’ लिहून झालेलं होतं, पण त्याचा प्रयोग पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारीला. लेखकाला जाऊन महिनाही झाला नव्हता. सिंधूच्या बोलण्यातला शब्द न् शब्द गडकऱ्यांचा. तिचा आवाज मात्र त्यांच्या कानावर कधी पडला नाही.

तो आवाज कुणाचा होता, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्तर सगळ्यांना पाठ आहे: बालगंधर्वांचा. भरजरी शालूंसाठी आणि दागिन्यांसाठी ज्यांचं नाव होतं, त्या नारायणराव राजहंसांनी सिंधूसाठी ठिगळांचं लुगडं नेसलं, आणि त्या लुगड्यातली सिंधू पाहून थिएटरं रडली. हे खरंच आहे. पण सिंधूची पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. आणि त्या पदांच्या चाली बालगंधर्वांना मिळाल्या त्या सुंदराबाई जाधवांकडून. सुंदराबाई म्हणजे बैठकीत लावणी, ठुमरी, गझल गाणारी बाई. १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटात गणपत हवालदाराची आई झालेल्या त्याच. ‘एकच प्याला’ उभं राहत होतं त्या दिवसांत असल्या गाणाऱ्या बाईला प्रतिष्ठितांच्या नाटक कंपनीत नायिका म्हणून उभं राहण्याची सोय नव्हती. तिच्या गळ्यातलं गाणं चालत होतं, ती चालत नव्हती. ते गाणं बालगंधर्वांच्या गळ्यात गेलं, आणि सगळ्या महाराष्ट्राने त्याला सोशीक, पतिव्रता, कुलीन सिंधूचं गाणं म्हणून डोक्यावर घेतलं.

म्हणजे बाईचं गाणं पुरुषाकडे गेलं. ते पुन्हा बाईकडे यायला आणखी बरीच वर्षं लागली. जयमालाबाईंच्या कारकिर्दीची मला वाटणारी सगळी गंमत आणि सगळी अडचण या येण्यात आहे.

मधल्या काळाचा धावता आढावा पुरे. १९३० च्या आगेमागे हिराबाई बडोदेकर आपल्या बहिणींसह रंगमंचावर आल्या. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि ज्योत्स्ना भोळे लोकांना माहीत झाल्या. पुढे १९४२ मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने त्यांना घराघरात नेलं. पण ही नवी नाटकं होती. त्यांतल्या नायिका नव्या, गाणी थोडी आणि भावगीताच्या वळणाची. तिथे बाईला कुणाच्या सावलीत उभं राहायचं नव्हतं. सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, रेवती, सिंधू या जुन्या नायिकांची गोष्ट वेगळी. त्यांचं चालणं, पदर सावरणं, मान वेळावणं, पदाच्या पहिल्या ओळीआधी किंचित थांबणं, सगळं एका पुरुषाने ठरवून ठेवलेलं. प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे आणि कानांत तोच. अशा भूमिकेत खरी बाई उभी राहिली की प्रेक्षक म्हणायचा, ‘छान आहे हो, पण नारायणरावांची सर नाही.’ बाईची भूमिका करण्यात बाई कमी पडते, असा हा निवाडा! त्यावर हसू येतं, पण निवाडा देणारे मूर्ख नव्हते. ते एका शैलीबद्दल बोलत होते.

प्रमिला जाधव, म्हणजे पुढच्या जयमालाबाई, या इंदूरच्या मुलीच्या घरात नाटक होतंच. वडील नारायणराव त्याच व्यवसायातले. १९४२ मध्ये ‘वेषांतर’ नाटकातून ती रंगमंचावर आली. पुढे बालगंधर्वांचा सहवास मिळाला, त्यांचं मार्गदर्शन मिळालं. तो काळ ध्यानात घ्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट सुरू झाला होता आणि नाटकाची थिएटरं एकेक करून पडदा गिळंकृत करू लागला होता. गंधर्व कंपनीचे वैभवाचे दिवस सरलेले. तिरखवाँसाहेब तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर, अशी साथ लाभलेली कंपनी आता कर्जाने वाकलेली. शहाण्या माणसाने या वेळी संगीत नाटकात पाऊल टाकलं नसतं.

जयराम शिलेदारांनी तर त्याहून उफराटं केलं. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ चित्रपटाचा हा नायक. चित्रपट गाजलेला, चेहरा घरोघर पोचलेला. सिनेमाची वाट मोकळी असताना १९४९ मध्ये त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संगीत नाटकांची संस्था उभी करण्यात उडी घेतली. १९५० मध्ये प्रमिला जाधव त्यांच्याशी लग्न करून जयमाला शिलेदार झाल्या. लग्न आणि कंपनी एकदमच पदरात पडलं म्हणायचं. पुढे दीप्ती आणि कीर्ती या दोन्ही मुली त्याच कंपनीत वाढल्या आणि त्याच रंगमंचावर उभ्या राहिल्या.

नटीच्या चरित्रात आपण पुरस्कार मोजतो, सिंधूचं पद कसं गायलं जातं ते पाहत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

सिंधू बोलत असते. घरात दारू शिरली आहे, तळीराम तिच्या नवऱ्याला, सुधाकराला, सोडत नाही, दागिने गेले, माहेरची मदत नको म्हणून ती हट्टाने राहिली आहे. वाक्य संपायच्या बेतात असतं तेव्हा खालच्या बाजूला बसलेला ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो. नटीने बोलण्याचा शेवटचा शब्द त्या सुराच्या इतका जवळ आणून ठेवायचा की बोलणं कुठे संपलं आणि पद कुठे सुरू झालं ते प्रेक्षकाला कळू नये. इथे तिने घसा खाकरला, किंवा सूर शोधायला अर्धा क्षण घेतला, तर सिंधू गेली आणि गाणारी बाई उरली. मग मुखडा. तबल्याची सम आली की एखादी जागा, एखादी हरकत. आता खरी कसोटी. तान किती घ्यायची? उपाशी, फाटक्या लुगड्यातली बाई इतकी फिरत घेईल का?

बालगंधर्वांना हा प्रश्न फारसा छळत नव्हता, असं माझं मत आहे. पुरुषाने बाई होऊन गाणं हा मुळातच एक रचलेला प्रकार होता. प्रेक्षकाने तिकीट काढतानाच खऱ्याखोट्याचा हिशोब बाजूला ठेवलेला असायचा. सिंधूच्या तोंडी ठुमरीचा नखरा आला तरी तो त्या रचनेत बसून जायचा. जयमालाबाई उभ्या राहिल्या की ती सवलत संपली. आता समोर खरोखरीची बाई होती, तेव्हा तिचं दुःखही खरं वाटलं पाहिजे अशी मागणी आपोआप आली. गाणं मात्र पूर्वीच्याच तोलाचं हवं! एकाच नटीकडे अशा दोन मागण्या, आणि दोन्ही एकमेकींच्या वाटेत येणाऱ्या. पट्टीचा प्रश्न वेगळाच. पुरुषाच्या गळ्याला बेतलेलं गाणं बाईच्या पट्टीत नेलं की साथीची बोटं बदलतात, खर्जातल्या जागा वर सरकतात, पदाचा रंगच बदलतो.

त्यात ‘वन्समोअर’. सिंधूचं काळीज फाटलेलं, आणि पिटातून टाळ्या: पुन्हा म्हणा. नाटक थांबतं. नटीने तेच पद पुन्हा म्हणायचं, पण तेच म्हणायचं नाही. एखादी नवी जागा दाखवायची आणि तेवढ्यातच संपवून लगेच सिंधूच्या दुःखात परत यायचं. पुढच्या अंकासाठी गळाही राखायचा. नऊ-दहाला पडदा वर गेला की प्रयोग पहाटेकडे झुकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव असायचं. पुण्याची कंपनी विदर्भात यायची तर आगगाडीतच दिवस आणि रात्र जाई. उतरल्यावर बिऱ्हाड, ट्रंका, मुलांचं जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी रंगायला बसणं. आवाज ही देणगी असते असं आपण सहज म्हणतो. असेलही. ती देणगी अशा दिनक्रमात चाळीस-पन्नास वर्षं टिकवणं ही मजुरी असते, आणि जयमालाबाईंचं मोठेपण मला या मजुरीत अधिक दिसतं.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला गेला, तो इथे टाळण्यात अर्थ नाही. शिलेदारांनी गंधर्व गायकी तशीच्या तशी जपली, स्वतःचं काय आणलं? जाणकारांपैकीही काहींनी हे म्हटलं. मला हा आक्षेप अर्धा पटतो. ‘मराठी रंगभूमी’ने जुन्या नाटकांची पूजा मांडली, हे खरं. नेपथ्य, हालचाली, भाषणाची ढब यांत फार छेडछाड त्यांना मानवली नाही. नव्या नाट्यविचाराच्या माणसाला ते प्रयोग संग्रहालयासारखे वाटले असतील. पण जयमालाबाईंचं गाणं ऐकताना ‘नक्कल’ हा शब्द जिभेवर येत नाही. नक्कल करणारा बाहेरची वळणं उचलतो. या बाईंनी गंधर्वांच्या पदांमागची लय घेतली, शब्दाला धक्का न लावता सुरावर झुलण्याची ती रीत घेतली, आणि नखरा जिथे पुरुषाला लागत होता तिथे तो काढून टाकला. त्यांची सिंधू कमी लाडिक आहे. फरक बारीक आहे, पण बाईच्या गळ्यात ते गाणं परतलं ते या फरकाने. सुंदराबाईंपासून निघालेल्या चालीचं वर्तुळ पुरं झालं असं म्हणण्याचा मोह होतो. पण सुंदराबाईंचं बैठकीतलं मोकळेपण त्यात परत आलं नाही, तेवढं नोंदवून ठेवतो. गृहिणीची मर्यादा आड आली. त्या पिढीतल्या ‘घरंदाज’ नटीला ती मर्यादा पाळल्यावाचून रंगमंचावर मान मिळत नव्हता.

ती उणीव पुढच्या पिढीत भरून निघाली, आणि भरून काढणारं नाटक आमच्या वऱ्हाडातल्या माणसाने लिहिलं, याचा उल्लेख मी आनंदाने करतो. विद्याधर गोखले अमरावतीचे. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ लिहून साठच्या दशकात त्यांनी संगीत नाटकाला पुन्हा गर्दी मिळवून दिली. त्यांचं ‘स्वरसम्राज्ञी’ म्हणजे शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची मराठी गाण्यातली आवृत्ती: तमाशातली पोर, तिला शास्त्रीय गाण्याची सम्राज्ञी करायला निघालेला गुरू. कीर्ती शिलेदारांनी ती मैनेची भूमिका केली. इथे एकाच नटीला पहिल्या अंकात लावणीची फेक आणि पुढे ख्यालाचा ठहराव दाखवायचा होता, तोही असा की दोन्ही आवाज एकाच मुलीचे वाटावेत. आईच्या सिंधूला जे मोकळेपण मिळालं नाही ते मुलीच्या मैनेला मिळालं. कीर्तीताई दहा वर्षांच्या असल्यापासून रंगमंचावर होत्या. गाणं घरात आईकडून आलं, आणि नीळकंठबुवा अभ्यंकरांकडून तालीम मिळाली. त्यांच्या गळ्यातली तान आईपेक्षा धावती, जास्त धीट. कुणाला आईचं गाणं जास्त आवडेल, कुणाला मुलीचं. मला विचाराल तर सिंधू आईची आणि मैना मुलीची.

पुरस्कारांची गोष्ट थोडक्यात. जयमालाबाईंना ‘पद्मश्री’ मिळाली २०१३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्या गेल्या. एवढ्या उशिरा दिलेल्या मानाला मान म्हणायचं की हिशोब मिटवणं, हे वाचकाने ठरवावं. कीर्तीताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये मुलुंडच्या ९८ व्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. पुढचं, ९९ वं संमेलन फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात भरलं. गडकऱ्यांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष आणि ‘एकच प्याला’च्या पहिल्या प्रयोगालाही त्याच महिन्यात १०० वर्षं झालेली. सिंधूच्या घराण्यातल्या नटीकडून अध्यक्षपदाची सूत्रं प्रेमानंद गज्वींकडे आली. गज्वी चंद्रपूर जिल्ह्यातले, ‘घोटभर पाणी’ आणि ‘किरवंत’ लिहिणारे. संगीत नाटकाशी त्यांचा लेखक म्हणून संबंध नाही, आणि त्यांच्या नाटकांनी ज्या समाजाला प्रश्न विचारले तोच समाज पूर्वी संगीत नाटकाच्या पहिल्या रांगांत बसत आला होता. संमेलनाच्या बातम्यांत भाषणांचे वाद गाजले. या सांध्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. २२ जानेवारी २०२२ रोजी कीर्तीताईही पुण्यात गेल्या.

त्यानंतर वर्तमानपत्रांतून ‘संगीत रंगभूमीचा अखेरचा सूर हरपला’ छापाचं बरंच आलं. हे वाक्य पुण्या-मुंबईत बसून लिहिलेलं असतं. नागपूरकराने ते वाचून मान डोलावू नये, कारण त्याच हिवाळ्यात त्याच्या गावातून नट्या वडशाला निघालेल्या असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत चालतो. वडसा-देसाईगंज हे कंपन्यांचं ठाणं. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला, मंडई असली की रात्री नाटक ठरलेलं. माणसं सतरंज्या, घोंगड्या घेऊन येतात आणि उजाडेस्तोवर बसतात. साथीला ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅडही; गाणी जिवंत, ध्वनिफितीवरची नव्हेत. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांना झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा कळलं.

तिथली नायिका रडता रडता गाते, मध्येच लावणीही करते, आणि पहाटे जीपमध्ये बसून पुढच्या गावाला जाते. दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर झोप, रात्री पुन्हा तोंडाला रंग. पडदा फाटका, माइक कुरकुरणारा, समोर हजारो माणसं. तिच्या गाण्यात गंधर्व गायकी शोधू नये, सापडणार नाही. पण जयमालाबाईंच्या तारुण्यातली कंपनी कशी चालत असेल, हे पुस्तकातून नीटसं कळत नसेल तर ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या गावात जानेवारीची एक रात्र काढावी. तान किती घ्यायची आणि दुःख किती ठेवायचं, हा प्रश्न झाडीपट्टीतल्या नायिकेलाही सोडवावा लागतो, तोही तालमीला वेळ नसताना. शहरी समीक्षकांनी या नट्यांवर नाक मुरडलं, भडकपणाचा शिक्का मारला. सुंदराबाईंच्या वेळीही गाणं घेऊन बाईला दाराबाहेर ठेवणारे लोक होतेच.

आता पुस्तकाकडे वळण्याआधी एक करावं. सुंदराबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं मिळतात, बालगंधर्वांची तर कुठेही मिळतात. जयमालाबाई आणि कीर्तीताई यांचंही गाणं हाताशी आहे. चौघांचं, याच क्रमाने, एका बैठकीत ऐकावं. घाई असेल त्याने निदान मधली दोन ऐकावीत, आणि बालगंधर्व जिथे शब्दावर रेंगाळतात तिथे जयमालाबाई काय करतात याकडे कान ठेवावा. मग चरित्रातलं इंदूरचं पहिलं प्रकरण उघडायला हरकत नाही.